गुंडीची उशी

मंगळवार, ३ तारीख

पहिली उगवली ती सर्दी. सर्दी म्हणजे आमच्या विहीणबाईंची धाकटी बहीण. तिला खरं नाव आहे, पण ती येण्याआधी तिचं नाक येतं म्हणून घरात तिला आम्ही सर्दीच म्हणतो. जिन्यात सुर्रर्र झालं तसं मी सुनेला म्हटलं, "आली बघ तुझी मावशी." सून हसली नाही. तिच्या माहेरचं कुणी आलं की ती हसत नाही, नंतर स्वयंपाकघरात जाऊन हसते.

सर्दीने आल्या आल्या नाक पुसलं. कशाने, तर तळहाताने. आणि त्याच हाताने आमच्या नातीचा, गुंडीचा गाल कुस्करला. मी लगेच ओलं फडकं घेऊन गुंडीचा गाल पुसला, तर म्हणते, "अहो, किती पुसता, झिजेल ती!" झिजू दे. तुझ्या शेंबडापेक्षा झिजलेली बरी.

मागून विहीणबाई आल्या, धापा टाकत. आल्या होत्या माझा हात बघायला. मनगटाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, आता आठवण झाली! सोबत बाटलीत कसलंसं हिरवं तेल. बूच काढलं तर खोलीत उंदीर मेल्यासारखा वास. म्हणे याने नसा मोकळ्या होतात. आमच्या नसा राहू द्या, माणसं मोकळी होऊन रस्त्यावर पळतील असा वास. सर्दी म्हणाली, जळवा लावा, तिच्या दिराच्या पायाला लावल्या होत्या, टम्म फुगून आपोआप गळून पडायच्या. हे ती बिस्किट खाता खाता सांगत होती. चहात बुडवलेलं बिस्किट मोडून तळाशी गेलं, ते बोटाने काढून खाल्लं. मी कप ठेवून दिला.

मग विहीणबाई म्हणाल्या, "दाखवा बरं, मूठ आवळून." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी आवळली. अंगठा आणि पहिली दोन बोटं चांगली वळतात, ऑपरेशनने ती सुटली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून झोपलेलंच, आणि कोपरापासून खाली आगीची तार ओढल्यासारखं होतं. ते मी सांगितलं नाही. म्हटलं, "बघा, कशी लोखंडी मूठ आहे."

सांगितलं नाही त्याला कारण आहे. पुढच्या महिन्यात सुनेची सुट्टी संपते. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे, दिवसभर लोकांच्या बाटल्या हाताळते, कसल्या ते लिहीत नाही, मला जेवायचं आहे. ती कामावर गेली की गुंडीला कोण बघणार? मी. हे ठरलेलंच आहे. पण आज विहीणबाई जाताना दारात म्हणाल्या, "हाताचं जमत नसेल तर सोमवार ते शुक्रवार गुंडी आमच्याकडे राहील. गाडीने दोन तास तर आहे. मला काय, मोकळीच असते मी."

आयत्या बिळावर नागोबा!

ही वही मुलाने दिली. म्हणाला, "आई, मी घरात पाऊल टाकलं की तू सुरू होतेस, थोडं वहीलाही सांगत जा." टोमणा होता. मी चौथीत शाळा सोडली, पण टोमणा कळायला चौथी पुरते.

बुधवार, ४

आज कप पडला. निळ्या फुलांचा. हातातच होता आणि मग नव्हता. मध्ये काय झालं ते माझ्या बोटांनी मला कळवलंच नाही. सुनेला म्हटलं, "कपाचा कान तेलकट होता, तुझ्या आईच्या तेलाचा हात लागलाय सगळीकडे." तिने तुकडे उचलले आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

मग मीही बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे, हाताच्या पाठीवर, जिथे मांसाची गादी असते तिथे खड्डा पडलाय. उकडून साल काढलेल्या बटाट्याला बोट लावावं तसा. शी. माझा हात असा कधी नव्हता. पंचवीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री ओढली मी. हॉटेलच्या चादरी यायच्या, त्यांच्यावर काय काय असायचं! चादर बघून मी माणूस ओळखायचे. कोण पान खाऊन घोरतो, कोण बुटांसकट झोपतो, कोण अंथरुणात खातो. सगळी घाण या हाताने सपाट केली आणि हातच असा निघावा!

असो. गुंडी दुपारी दोन तास झोपली. पाळण्यात ठेवली की किंचाळते, आईजवळ झोपत नाही, बापाजवळ तर मुळीच नाही, त्याच्या दाढीला हात लावून तोंड वाकडं करते, अगदी माझ्यावर गेली आहे. तिला लागते माझ्या उजव्या हाताची कुशी. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, कोपर खुर्चीच्या दांड्यावर टेकवते, हात वाकवून तिचं डोकं मधे घेते. तिच्या लाळेने बाही ओली होते. दुसऱ्या कुणाची लाळ असती तर मी बाही कापून टाकली असती. हिची लाळ कोमट लागते आणि मला हसू येतं. मग मी हलतच नाही. माशी नाकावर बसली तरी नाही. अजून दातही धड आले नाहीत तिला, पण झोपेत चघळते. काय चघळते कोण जाणे!

शनिवार, ७

हाताच्या डॉक्टरांकडे. मुलगा सोबत होता.

बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ नखं कापत होते. दवाखान्यात! एक नख उडून माझ्या पायाशी आलं. पलीकडची बाई बोट जिभेला लावून मासिकाची पानं उलटत होती आणि तेच मासिक मला देऊ लागली. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. मुलगा बघतच राहिला.

आधी तपासणीच्या खोलीत नेलं. तिथला माणूस हाताला चिकट मलम लावून वायरी चिकटवतो आणि झटके देतो. माझी बोटं आपोआप उडायला लागली, मेलेल्या बेडकाची उडावीत तशी. मग सुया टोचल्या. मी त्याला म्हटलं, "तुमचं लग्न झालंय का?" म्हणाला, "हो, का?" म्हटलं, "काही नाही, बायकोची कीव आली." तो हसला आणि आणखी एक झटका दिला.

डॉक्टर मात्र समजावून सांगतात. बागेला पाणी द्यायच्या नळीचं उदाहरण दिलं. मानेतून नसा निघतात त्या बोटांपर्यंत जातात. नळीवर एका जागी पाय पडला तर पाणी कमी येतं, पण येतं. दोन-तीन जागी पडला तर थेंब थेंब. "तुमच्या मानेत थोडी दाटी आहे. मनगटात होती ती सोडवली. आता कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीची नस जाते तिथे जोरात दाबली जातेय." मी विचारलं, "मग तेव्हाच एकदम सगळीकडे का नाही कापलंत? चादर इस्त्रीला घेतली की मी अर्धी सोडत नव्हते." मुलाने माझा पाय दाबला. डॉक्टर म्हणाले, तेव्हा मनगटाचं दुखणं पुढे होतं, कोपराचं त्याच्यामागे लपलं होतं. नसाही लबाड असतात म्हणायच्या.

मग त्यांनी विचारलं, "कोपर वाकवून जास्त वेळ काही काम करता? फोन कानाला लावून? कोपर टेकवून?"

"छे! फोन मुलगा करतो. शिवण नाही, विणकाम नाही. आता मी काही कामच करत नाही, आरामात असते."

"झोपताना?"

"सरळ. पुतळ्यासारखी."

खरंच सांगितलं मी.

आता रोज झोपताना कोपराला टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे हात वाकत नाही. दिवसाही शक्यतो कोपर वाकवायचं नाही आणि टेकवायचं तर नाहीच. मानेचे आणि हाताचे व्यायाम. डॉक्टरांनी खड्डा दाबून बघितला, रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, दहा-बारा दिवसांनी या, ताकद आणखी उतरत असेल तर थांबायचं नाही.

सोमवार, ९

टॉवेल म्हणजे शिक्षा आहे. सकाळी उघडला की आंबलेला वास. मी रोज धुते, तरी. व्यायाम तर असा की हातात ताट घेऊन ते कानामागे न्यायचं आणि परत पुढे आणायचं, ताट नसताना. मुलगा म्हणाला, "आई, विमान उतरवतेस का?" मी म्हटलं, "उतरवते, तू बाजूला हो, तुझ्या डोक्यावरच उतरायचंय." गुंडी खदखदून हसली. ती विमानाला हसली असणार, पण मी ठरवलंय की माझ्या विनोदाला हसली.

दुपारी टॉवेल लावलाच नाही. टॉवेल असला की कुशी होत नाही, डोकं घरंगळतं तिचं. ती झोपली आणि तिच्या श्वासाला दुधाचा वास येत होता. करंगळीला मुंग्या आल्या, मग पंजाला, मग काहीच आलं नाही. हात नव्हताच. मग मला काही त्रासच नव्हता.

शुक्रवार, १३

लिहू का नको असं झालंय. लिहिते. वही कुणाला सांगत नाही.

सून बाजारात गेली होती. मी गुंडीला टबात आंघोळ घालत होते, नेहमीसारखी. उजव्या हाताने तिची मान आणि पाठ धरलेली, डाव्याने साबण. साबणाचा फेस, पाणी गढूळ, तिने टबात जे करायचं ते केलेलं, ते तरंगत होतं, मी त्यावरून तिला रागे भरत होते. आणि बोलता बोलता बघते तर गुंडीचं तोंड पाण्याखाली.

माझा उजवा हात तिथेच होता. तिच्या पाठीखाली. मला वाटत होतं की मी धरलंय. हाताने धरलेलंच नव्हतं.

डाव्या हाताने उचलली. खोकली, लाल झाली, मग रडली. रडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. अंगावर माझ्या ते घाण पाणी सांडलं होतं, ते तसंच वाळेपर्यंत मी तिला घेऊन जमिनीवर बसले. पहिल्यांदा मला घाणीची घाण वाटली नाही.

वाटली ती हाताची. हा माझा हात नाही. कुणा परक्याचा आणून माझ्या खांद्याला टांगलाय, लॉन्ड्रीत विसरलेल्या कोटाच्या बाहीसारखा.

सून आली तेव्हा गुंडी हसत होती. मी काही सांगितलं नाही. सांगितलं की सोमवार ते शुक्रवार गेली ती तिकडे.

रविवार, १५

चोंबडेपणाची हद्द झाली. आज विहीणबाई न कळवता आल्या, सर्दीसकट. मुलगा आणि सून खाली भाजी आणायला गेलेले, दार नुसतं लोटलेलं. मी खुर्चीत, गुंडी कुशीत गाढ. मला उठता येईना. सर्दीने सुर्र केलं, मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

विहीणबाई माझ्यासमोर बसल्या. गुंडीकडे बघत होत्या, मग माझ्या बोटांकडे. बोटं पांढरी पडली होती, करंगळी वाकडी झालेली. किती वेळ बघावं माणसाने! मी बसल्या जागी त्यांच्या चपला मोजल्या. कुठलीतरी घाण लागली होती एका चपलेला, आणि ती चप्पल आमच्या सतरंजीवर.

पोरं आली, सुनेने झोपलेल्या गुंडीला आत नेऊन निजवलं, चहा झाला, आणि बाईंनी सुनेसमोर, मुलासमोर विचारलं, "विहीणबाई, रोज अशीच झोपते का ती? तुमच्या हातावर?"

"झोपते," मी म्हटलं, "कुणाला काही त्रास?"

"किती वेळ?"

"तिची झोप होईपर्यंत! मी घड्याळ लावत नाही नातीला."

मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टरांनी कोपर वाकवू नका सांगितलं होतं ना? त्यांनी तुला विचारलं होतं."

"त्यांनी काम विचारलं होतं. हे काय काम आहे? गुंडी आहे ती!"

सर्दीने नाक ओढलं. या वेळी रडली होती बहुतेक, पण तिचं काही सांगता येत नाही. सून उठली, माझ्याजवळ आली, माझा उजवा हात हातात घेतला आणि त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. "आई, अहो तुमचा हात जाईल." तिचा आवाज असा की जणू तिचाच हात जाणार होता. नाटकी आहे थोडी. माहेरचा गुण.

मग विहीणबाई, कपात बघत: "माझ्या कुशीत कधी अशी झोपली असती तर मीही हलले नसते." जळतात, दुसरं काय!

पण ते ऐकल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक. शुक्रवारचं माझ्या तोंडून निघून गेलं. टब, फेस, हात, सगळं. सांगताना मी कुणाकडेही बघितलं नाही, सतरंजीवरच्या चपलेकडे बघत होते. सगळं सांगून झालं आणि म्हटलं, "न्या. न्या तिला तुमच्याकडे. इथे तिला धरायला हात नाही."

सून पटकन आत गेली आणि झोपलेल्या गुंडीला उचलून घेऊन आली, उगाचच. मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

विहीणबाई चहा संपवून म्हणाल्या, "पोरीला कशाला हलवायचं? तिची खुर्ची इथे, खिडकी इथे, तुम्ही इथे. मीच येते. हात बरा होईपर्यंत राहते."

राहते! आमच्या घरात! हिरव्या तेलासकट!

बुधवार, १८

डॉक्टरांनी ताकद तपासली. बोटांमधे कागद धरायला सांगितला आणि ओढला, सुर्रकन निघाला. डाव्या हातातून निघेना, फाटला. मुलाने गुंडीच्या झोपण्याचं सांगितलं. डॉक्टर रागावतील वाटलं होतं, पण ते म्हणाले, "माझ्याकडेही एक नातू आहे." आणि मग गंभीर. कोपरातली नस मोकळी करायची, पुढच्या शनिवारी. हात बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी. खड्डा पूर्ण भरेल असं वचन देत नाहीत. "पण आणखी पडू देणार नाही. आणि जाणीव हळूहळू येईल, नस रोज केसाएवढी पुढे सरकते."

केसाएवढी. गुंडीच्या का माझ्या विचारायचं राहिलं.

मी एकच विचारलं, नंतर धरता येईल ना तिला? डॉक्टर म्हणाले, "धरता येईल. पण झोपवायचं पाळण्यात." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे.

रविवार, २२

शाळा घेतली आज मी. दिवसापुरत्या आलेल्या विहीणबाईंना खुर्चीत बसवलं आणि शिकवलं. डोकं डावीकडे. उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळायची, दाबायची नाही. गाणं म्हणायचं नाही, ती जागी होते. लॉन्ड्रीतल्या वाफेसारखा आवाज काढायचा, श्श्श, थांबून थांबून. आणि कोपर सरळ, खाली उशी, मांडीवर घ्यायचं, हातावर नाही. "नाहीतर तुमचीही नस जाईल, मग सर्दीला बोलवावं लागेल," असं मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली. सर्दी समोरच बसली होती.

"कोण सर्दी?" तिने विचारलं.

"तीच, हवा बदलली की होते ती," सून म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. पोरगी हुशार आहे, मीच निवडली होती.

मला वाटलं होतं गुंडी किंचाळेल. मी तयारच उभी होते घ्यायला. किंचाळली नाही. थोडी कुरकुर केली, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि झोपली. विहीणबाईंच्या इस्त्रीच्या साडीवर भली मोठी लाळ गाळली. त्या हलल्या नाहीत. त्यांच्याही नाकावर माशी बसली, तरी नाही. तेलाचा वास येत होता त्यांच्या अंगाला, त्या मेलेल्या उंदराचा, आणि पोरीला त्याचं काहीच नाही! कुठल्या घाणीत ही मुलं सुखाने झोपतील सांगता येत नाही. मला दोन मिनिटं फार राग आला. मग मी ती माशी हाकलली, डाव्या हाताने.

जाताना सर्दीने गुंडीचा गाल कुस्करायला हात पुढे केला. मी म्हटलं, "थांबा." कपाटातून धुतलेला रुमाल काढून दिला. तिने नाक पुसलं, हात पुसला आणि मग गाल कुस्करला. रुमाल पर्समध्ये टाकून घेऊन गेली. माझाच रुमाल. शी.

संध्याकाळी डाव्या हाताने इस्त्री करून बघितली. वेळ लागतो, आणि कोपरे जुळत नाहीत. पण रुमालांची एक चळत झाली, पाहुण्यांच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली आहे. हिरव्या तेलाच्या बाटलीसाठी एक झाकण असलेला डबाही धुऊन ठेवला, बाहेर ठेवायला.

शुक्रवारी राहायला येतो म्हणाल्या दोघी, सकाळच्या गाडीने.